बर्फातील साखळ्या : आधी चाकामागची फट मोजा

पांढरकवडा, प्रतिनिधी

पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हा देशाच्या दोन टोकांना जोडणारा रस्ता आहे. या भागात पूर्वी तो सात क्रमांकाचा महामार्ग म्हणून ओळखला जाई. दक्षिणेकडे पैनगंगा ओलांडून तो आदिलाबाद, हैदराबाद, बंगळुरूमार्गे कन्याकुमारी गाठतो. उत्तरेकडे हिंगणघाट, नागपूर, सिवनी, झाशी, आग्रा, दिल्ली, लुधियाना, पठाणकोट, जम्मू असे टप्पे घेत थेट श्रीनगरला पोहोचतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या केळापूर तालुक्यातील अंगणात उभी असलेली मोटार, रस्त्याचा क्रमांकही न बदलता, बर्फात नेता येते.

हा प्रवास अलीकडे अधिक सोपा झाला आहे. जम्मू-श्रीनगर मार्गावर चेनानी-नाशरी हा ९.२८ किलोमीटरचा बोगदा २०१७ मध्ये, तर बनिहाल-काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा बोगदा २०२१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. हिमाचल प्रदेशात मनालीच्या पुढे ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की लाहौलचा रस्ताच तुटत असे. आता मैदानी प्रदेशातली मोटार ऐन जानेवारीत समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर जाऊ शकते. रस्ता तिथवर नेतो. पण मोटार बर्फासाठी तयार आहे का, हा प्रश्न बहुतेकांना पहिले चाक जागच्या जागी गरगरू लागल्यावरच पडतो. मग रस्त्याकडेच्या दुकानातून मिळेल त्या साखळ्या घेऊन चाकांना बांधल्या जातात.

इथेच एक धोका असतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. आजच्या अनेक लहान मोटारींमध्ये चाक आणि त्यामागचे भाग यांच्यातील जागा इतकी कमी असते, की जाड साखळी तिथे मावतच नाही. तेव्हा साखळी निवडण्याची सुरुवात दुकानात किंवा टायरच्या आकड्यापाशी न होता, घरच्या अंगणात चाकामागची फट मोजण्यापासून व्हायला हवी.

पांदणीतली सायकल

ज्यांनी भर पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून सायकल नेली आहे, त्यांना या विषयाचा निम्मा भाग समजावून सांगावा लागणार नाही. टायरला चिकटलेली चिकण माती मडगार्डच्या आत साठत जाते, फट भरते आणि चाक जागीच बसते. काडीने माती कोरून काढायची, चार पावले जायचे, पुन्हा थांबायचे. शेवटी कंटाळून सायकल खांद्यावर घ्यायची. चाक फिरण्यासाठी त्याच्याभोवती मोकळी जागा लागते आणि चाकावर काहीही चढले की ती जागा कमी होते, एवढेच यामागचे तत्त्व.

मोटारीत मातीच्या जागी पोलादी कडी असते आणि ती अडून थांबत नाही. इंजिनाच्या जोराने चाक फिरतच राहते आणि कडी समोर येईल त्यावर घासत, आपटत जाते. चाकाच्या आतल्या बाजूस नेमके कोणते भाग असतात हे पाहिले, म्हणजे याचे गांभीर्य कळते. शॉकअॅब्सॉर्बरचा दांडा आणि स्प्रिंगची खालची वाटी तिथेच असते. ब्रेकचे तेल वाहून नेणारा रबरी पाइप तिथूनच जातो. चाकाचा वेग मोजून एबीएस यंत्रणेला कळवणारी तारही तिथेच असते. घाटाच्या उतारावर, बर्फात, ब्रेकचा पाइप कापला जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

साखळी काय करते?

कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षण गुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. दाबल्या गेलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ पर्यंत घसरतो. आकडेमोड केली तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला ब्रेक लावल्यानंतर कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटर लागतात; दाबलेल्या बर्फावर ३० मीटरहून अधिक आणि गोठलेल्या थरावर ६० मीटरहून अधिक. चालकाला भान येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही.

साखळीच्या कड्या बर्फात रुततात आणि चाकाला धरायला आधार देतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी या कल्पनेचे पेटंट १९०४ मध्ये मिळवले. चिखलात आणि बर्फात अडकू नये म्हणून त्या काळी वाहनचालक चाकांना दोर किंवा वेली गुंडाळत, तेच काम त्यांनी साखळीकडे सोपवले. शंभर-सव्वाशे वर्षांत साखळीचे तत्त्व बदललेले नाही. बदलली आहे ती मोटार.

फट कमी का झाली?

जुन्या जीपगाड्यांचे चाक मोकळ्या कमानीत फिरत असे. आजच्या बहुतेक लहान मोटारींमध्ये पुढचे चाक एका उभ्या दांड्याला, म्हणजे स्ट्रटला, अगदी लगटून असते. यामुळे इंजिनाला आणि प्रवाशांना जागा अधिक मिळते; मात्र चाकामागे उरते ती बोटभर फट.

त्यात रुंद टायरची आवड भर घालते. एकाच मोटारीच्या स्वस्त आणि महाग प्रकारांत टायर वेगवेगळे असतात. समजा, स्वस्त प्रकारात १६५/८० आर १४ आणि महाग प्रकारात १८५/६५ आर १५ आहे. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते सांगतो आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. हिशेब केला तर दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. मोटार तेवढीच उंच दिसते आणि वेगमापकही बरोबर चालतो. रुंदी मात्र २० मिलिमीटरने वाढते. रिम बसवण्याची मध्यरेषा तीच राहिली, तर यातील १० मिलिमीटर बाहेर जातात आणि १० मिलिमीटर आतल्या फटीतून वजा होतात. टायर १९५/५५ आर १६ असेल तर व्यास तोच, पण आतली फट आणखी ५ मिलिमीटरने कमी. ज्या फटीचा एकूण हिशेबच पंधरा-वीस मिलिमीटरचा आहे, तिथे दहा-पंधरा मिलिमीटर म्हणजे सगळेच.

म्हणूनच मोटारीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत अनेक उत्पादक साखळ्यांविषयी स्वतंत्र सूचना देतात. काही ठिकाणी विशिष्ट मापाच्या टायरलाच साखळी लावावी असे म्हटलेले असते, काही ठिकाणी कमाल जाडी दिलेली असते, तर काही ठिकाणी साखळी लावूच नये असे स्पष्ट लिहिलेले असते. पुस्तिकेतील हे पान सर्वप्रथम वाचावे. साखळी लावू नये असे तिथे लिहिले असेल, तर दुकानदाराच्या आग्रहाला किंमत देऊ नये. बाजारातून नंतर बसवलेली अलॉय चाके असतील, तर पुस्तिकेतील आकडेही लागू पडत नाहीत; तिथे प्रत्यक्ष मोजण्याला पर्याय नाही.

सळईच्या तुकड्यांनी मोजणी

फट मोजायला महागडे उपकरण लागत नाही. बांधकामाच्या सळया ८, १०, १२ आणि १६ मिलिमीटर जाडीत मिळतात. हार्डवेअरच्या दुकानातून किंवा एखाद्या बांधकामावरून प्रत्येकी वीतभर लांबीचा तुकडा घ्यावा, टोके कानशीने घासून बोथट करावीत, आणि माप तयार झाले. सळईवरच्या उभारांमुळे ती सांगितलेल्या जाडीपेक्षा किंचित जाड भरते; आपल्या दृष्टीने हे सोयीचेच, कारण चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते.

मोजताना मोटार सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून आणि हँडब्रेक ओढून उभी करावी. जॅक लावू नये. जॅकवर चाक खाली लोंबते, स्प्रिंग मोकळी होते आणि रस्त्यावर नसलेली फट दिसू लागते. उलट प्रवासात जेवढी माणसे आणि सामान असेल, तेवढे वजन मोटारीत ठेवूनच मोजावे. कुटुंबातल्या मंडळींना पाच मिनिटे आत बसायला सांगितले तरी काम भागते.

नंतर विजेरीच्या उजेडात पुढच्या चाकाची आतली बाजू पाहावी. टायरच्या बगलेला सर्वांत जवळचा भाग कोणता, हे शोधावे. बहुधा तो स्ट्रट किंवा स्प्रिंगची वाटी असते. त्या दोहोंमध्ये आधी बारीक, मग जाड सळई घालून पाहावी. चाके सरळ असताना एकदा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून एकदा आणि पूर्ण उजवीकडे वळवून एकदा, अशी तीन वेळा मोजणी करावी. स्टिअरिंग फिरवताना हात चाकाजवळ ठेवू नये. तीनपैकी सर्वांत कमी भरलेले माप तेच आपले माप. दोन्ही बाजूंच्या चाकांची मोजणी वेगवेगळी करावी. टायरचा वरचा पृष्ठभाग आणि मडगार्डचे आतले अस्तर यांतील अंतरही याच रीतीने पाहावे. मोटार खड्ड्यात आदळली की हे अंतर आणखी घटते.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने मोटारींचे त्यांच्या मोकळ्या जागेनुसार तीन वर्ग केले आहेत. ‘एस’ वर्ग हा कमी जागेच्या मोटारींचा. यात टायरच्या बगलेपाशी किमान १५ मिलिमीटर आणि वरच्या पृष्ठभागावर किमान ३७ मिलिमीटर जागा असावी लागते. ‘यू’ वर्गासाठी हेच आकडे सुमारे २३ आणि ५० मिलिमीटर आहेत, तर ‘डब्ल्यू’ वर्गासाठी सुमारे ३८ आणि ६३.५ मिलिमीटर. तेव्हा १६ मिलिमीटरची सळई बगलेपाशी तिन्ही स्थितींत सहज सरकली आणि वर ४० मिलिमीटरची लाकडी पट्टी मावली, तर मोटार ‘एस’ वर्गातील साखळीला पुरेशी आहे. १२ मिलिमीटरच्या दोन सळया शेजारी ठेवून मावल्या आणि वर ५० मिलिमीटर जागा असली, तर ‘यू’ वर्गाचाही विचार करता येईल. सोळाची सळई अडकली, तर नेहमीच्या साखळ्यांचा विषय तिथेच संपतो.

युरोपीय साखळ्यांच्या वेष्टनावर बहुधा ७, ९, १२ किंवा १६ मिलिमीटर असा आकडा असतो. साखळी चाकावर किती जागा अडवते, याचा तो निर्देश असतो. लहान मोटारींसाठी ९ मिलिमीटरची साखळी नेहमीची, ७ मिलिमीटरची कमी जागेसाठी मुद्दाम बनवलेली आणि १६ मिलिमीटरची जड गाड्यांसाठी, असे ढोबळ वर्गीकरण. मात्र ९ मिलिमीटरच्या साखळीला ९ मिलिमीटरची फट पुरत नाही. चाक फिरू लागले की साखळी ताणली जाते, बाहेर फेकली जाते आणि थोडी हेलकावतेही. त्यासाठी वरची मोकळी जागा हवी. चांगला उत्पादक किमान किती जागा लागेल, हे स्वतंत्रपणे लिहितो; तो आकडा पाहावा. ऑस्ट्रियाचे ओ-नॉर्म व्ही ५११७ आणि युरोपचे २०२० मधील ईएन १६६६२-१ ही मानके या क्षेत्रात प्रमाण मानली जातात. वेष्टनावर मानक नाही, टायरच्या मापांची यादी नाही आणि जाडीही नाही, अशी साखळी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

कोणते पर्याय आहेत?

शिडीच्या आकाराची साखळी सर्वांत जुनी आणि साधी. चाकाच्या दोन्ही बगलांवर दोन लांब साखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या, अशी तिची रचना. ती मजबूत असते, पण दोन पायऱ्यांमधला टायरचा भाग उघडाच राहतो. त्यामुळे चालताना हादरे बसतात आणि आडव्या घसरणीला म्हणावा तसा अटकाव होत नाही. कमी जागेच्या मोटारीला ती सहसा योग्य ठरत नाही.

शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी असलेली साखळी यापेक्षा उजवी. टायर कोणत्याही स्थितीत असला तरी एखादी कडी जमिनीला टेकलेली राहते, त्यामुळे वळणावरही पकड मिळते. याच प्रकारात ७ आणि ९ मिलिमीटरच्या साखळ्या मिळतात. बारीक कडी लवकर झिजते, हा त्यातील तोटा. पण दोन-चार दिवसांच्या पर्यटकाला तो फारसा जाणवणार नाही.

पोलादी दोराच्या साखळ्या हा तिसरा प्रकार. यात कड्यांऐवजी बारीक दोर असून त्यावर पोलादी नळकांडी ओवलेली असतात. ‘एस’ वर्गाच्या मोटारींसाठी या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. बसवायला हलक्या, जागा कमी अडवणाऱ्या. मात्र खोल बर्फात त्यांची पकड जाड साखळीइतकी नसते.

चौथा प्रकार बाहेरून बसणाऱ्या साखळीचा. ती चाकाच्या नटांना किंवा बाहेरच्या चौकटीला अडकते आणि तिचे पंजे टायरच्या वरून येतात. चाकाच्या आतल्या बाजूस जवळजवळ काहीच जात नसल्याने कमी फटीच्या मोटारींना ती सोयीची असते. किंमत मात्र बरीच अधिक आणि आपल्याकडे ती सहज मिळत नाही. शिवाय वरच्या पृष्ठभागावरील अंतर तिलाही लागतेच.

पाचवा पर्याय कापडी खोळीचा. नॉर्वेतून प्रसार पावलेली ही खोळ दाट विणीच्या धाग्यांची असते आणि उशीच्या अभ्र्याप्रमाणे चाकावर चढवली जाते. ती अवघी काही मिलिमीटर जागा घेते, धातू नसल्याने ब्रेकच्या पाइपला किंवा तारेला इजा करत नाही आणि नवख्या माणसालाही बसवता येते. ताज्या आणि दाबलेल्या बर्फावर ती चांगले काम करते. पण उघड्या डांबरावर ती लवकर फाटते, ओल्या गाळात आणि खोल बर्फात कमी पडते. रस्त्यावरील पोलिसांना साखळीच हवी असेल, तर खोळ मान्य होईलच असे नाही. ज्यांच्या फटीत दहाची सळईही जात नाही, त्यांच्यासाठी मात्र बहुधा हाच एक मार्ग उरतो.

प्लास्टिकचे पट्टे आपल्याकडे सर्वाधिक विकले जातात. रिमच्या भोकांतून ओवून ते आवळायचे असतात. अडकलेली मोटार चार-दोन मीटर पुढे काढायला ते उपयोगी पडतात. त्यांच्या भरवशावर घाट चढणे मात्र शहाणपणाचे नाही. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते. तसेच पट्टा ब्रेकच्या कॅलिपरला घासणार नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे लागते.

फटीचा प्रश्नच येऊ न देणारा पर्याय म्हणजे हिवाळी टायर. तीन शिखरे आणि त्यात हिमकण, असे चिन्ह त्याच्या बगलेवर असते. थंडीतही मऊ राहणारे रबर आणि बारीक चिरांची नक्षी यांमुळे त्याची पकड साध्या टायरपेक्षा पुष्कळ चांगली असते. वर्षातील चार दिवसांसाठी विदर्भातल्या माणसाने ते घ्यावेत असे नाही. उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवर ते फार लवकर झिजतील. डोंगराळ भागात भाड्याने गाडी घेताना मात्र हे चिन्ह अवश्य पाहावे.

कोणत्या चाकांना?

साखळी ओढणाऱ्या चाकांना लागते. मारुतीच्या वॅगनआर, स्विफ्ट, अर्टिगा किंवा ह्युंदाईच्या आय-२०, क्रेटा यांसारख्या मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांना साखळी पुढे. इनोव्हा क्रिस्टा किंवा बोलेरो मागच्या चाकांवर चालतात, त्यांना मागे. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी पुस्तिका पाहावी. चारही चाकांना साखळी असणे केव्हाही उत्तम. चुकीच्या चाकांना लावलेली साखळी मोटारीला पुढे नेत नाही, आणि हे घाटात कळते.

साखळी फक्त पुढे असेल, तर उतारावर मागची बाजू घसरून आडवी येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. उतरताना पहिला किंवा दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या अडसरानेच वेग आवरावा आणि ब्रेक हलक्या पायाने वापरावा.

स्टेपनीचा मुद्दा सहसा विसरला जातो. अनेक मोटारींत स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान किंवा अरुंद असते. तिला आपली साखळी बसत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीचे पुढचे चाक बर्फात पंक्चर झाले, तर स्टेपनी मागे लावावी आणि मागचे चांगले चाक पुढे आणून त्यावर साखळी चढवावी. काम दुप्पट होते, पण मार्ग हाच.

बसवणे आणि चालवणे

साखळीची पहिली बसवणी घरीच करावी. गोठलेल्या बोटांनी, अंधारात, मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असताना सूचनापत्रिका वाचण्याची वेळ येऊ नये. घरी दोन-तीनदा बसवून पाहिली की कोणती कडी आत, कोणता हूक बाहेर, हे हाताला कळते. हुकांची टोके टायरच्या बाजूला न येता बाहेरच्या दिशेला आली पाहिजेत, अन्यथा ती टायर कापतात. बसवून झाल्यावर चाक हळूहळू फिरवावे, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवावे आणि घासण्याचा आवाज येतो का, ते ऐकावे. सळईने मोजलेल्या फटीची ही शेवटची परीक्षा.

बर्फाचा रस्ता सुरू होण्यापूर्वी, सपाट आणि सुरक्षित जागी थांबून साखळी चढवावी. वळणावर किंवा चढावर थांबू नये. बसवल्यानंतर शंभरेक मीटर जाऊन थांबावे आणि साखळी पुन्हा ताणावी. पहिल्या फेऱ्यांत ती हमखास सैल होते. सैल साखळीच आतल्या भागांवर आपटते. उत्पादकाने घातलेली वेगमर्यादा पाळावी. ती बहुधा ताशी ५० किलोमीटरची असते, पण घाटात ताशी २०-३० हाच शहाणपणाचा वेग. खटखट आवाज येऊ लागला तर लगेच थांबावे. एखादी कडी तुटलेली असण्याची शक्यता असते. डांबर उघडे दिसू लागले की साखळी काढावी. कोरड्या रस्त्यावर ती स्वतः झिजते, टायर खराब करते आणि मोटारीला घसरवतेही.

सोबत जाड हातमोजे, विजेरी, गुडघे टेकायला पोते किंवा रबरी चटई, लहान फावडे आणि ओढण्याचा दोर ठेवावा. हे सामान डिकीच्या तळाशी, सर्व बॅगांच्या खाली ठेवू नये.

मोटार खालीच ठेवण्याचा पर्याय

मोजणी करून, पर्याय पाहून शेवटी आपल्या मोटारीला काहीच बसत नाही, असे उत्तर येऊ शकते. तेही उत्तरच आहे. काश्मीरमध्ये टंगमर्गहून गुलमर्गचा चढ सुरू होतो. बर्फ पडला की चारही चाकांवर चालणाऱ्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडले जाते. मनालीच्या वरही हवामान पाहून पोलीस असेच निर्बंध लावतात. टंगमर्गला साखळ्या भाड्यानेही मिळतात. परंतु त्या सर्वच मोटारींच्या मापाच्या नसतात आणि तारेने किंवा दोरीने आवळून कशाबशा बसवल्या जातात. कमी फटीच्या मोटारीसाठी हा सर्वांत धोक्याचा सौदा. त्यापेक्षा आपली गाडी खाली ठेवून स्थानिक चालकाच्या गाडीने वर जावे. त्याला रस्ता माहीत असतो, बर्फ माहीत असतो, आणि त्याची रोजीही त्यावर असते.

हा सल्ला भित्रेपणाचा वाटू नये म्हणून एका घटनेचे स्मरण करून द्यायला हवे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला आलेल्या हजारो मोटारी एका रात्रीत अडकल्या. त्यात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील अनेकांचा जीव बंद मोटारीत कार्बन मोनॉक्साइड साठल्याने गेल्याचे सांगण्यात आले. बर्फात धुराड्याचे तोंड बुजले आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवले, तर हा वासरहित वायू नकळत आत येतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मनालीजवळ सोलंग परिसरात शेकडो वाहने बर्फात अडकली आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली. घसरणारी एक मोटार रस्ता अडवते आणि तिच्या मागची सारी रांग थांबते. चुकीची साखळी घेऊन वर जाणारा माणूस फक्त आपल्या कुटुंबाला धोक्यात घालत नाही.

मोटार अडकलीच, तर सर्वांत आधी धुराड्याभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन सतत चालू न ठेवता मधूनमधून थोडा वेळच चालवावे, एखादी काच बोटभर उघडी ठेवावी आणि मोटार सोडून अंधारात चालत निघू नये.

पांढरकवड्याहून श्रीनगरकडे निघणाऱ्याला वाटेत ऊस, गहू, मोहरी, सफरचंद अशी सगळी शेती पाहायला मिळते आणि काळ्या मातीपासून पांढऱ्या बर्फापर्यंतचा देश एकाच रस्त्यावर भेटतो. हा प्रवास अवश्य करावा. निघण्याच्या आठवडाभर आधी मात्र चार सळया घेऊन मोटारीशेजारी पंधरा मिनिटे बसावे. सोळाची गेली की दहाचीच अडकली, यावर कोणती साखळी घ्यायची, खोळ घ्यायची की शेवटचे काही किलोमीटर दुसऱ्याच्या गाडीने जायचे, हे ठरते. निर्णय कोणताही असो, तो घाटात करण्यापेक्षा अंगणात झालेला बरा.